गाऱ्हाणें कोणापाशीं ?

नळाला पाणी न येणें, रस्त्यांतले खड्डे, इस्पितळांतील औषधांचा तुटवडा आणि कचेरींतील कारकुनाचें ‘उद्यां या’ हें उत्तर, या गोष्टी वर्तमानपत्रांतील पत्रव्यवहाराच्या सदराच्या मानल्या जातात, वाङ्मयाच्या नव्हेत. याचें कारण उघड आहे. खड्डा बुजला कीं त्याविषयींचें पत्र मेलें. ज्या लेखनाचें सारें आयुष्य एखाद्या इंजिनियराच्या मर्जीवर अवलंबून, तें टिकावें कसें ? या समजुतीला धक्का देणारें एक लहानसें पुस्तक जमैका किंकेड या लेखिकेनें १९८८ सालीं प्रसिद्ध केलें. ‘अ स्मॉल प्लेस’ हें त्याचें नांव. पानें अवघीं ऐंशीच्या घरांत. विषय, वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा हें बेट आणि तेथल्या सरकारनें आपल्याच लोकांची मांडलेली हेळसांड. पुस्तकांत कथानक नाहीं, पात्रें जवळजवळ नाहींत, आणि उपाययोजना तर मुळींच नाहीं. आहे तें केवळ गाऱ्हाणें. तरीहि पस्तीस वर्षांहून अधिक काळ तें वाचलें जात आहे. तें कशाच्या बळावर, हें पाहण्यासारखें आहे.

अँटिग्वा लांबींत सुमारें बारा मैल व रुंदींत नऊ मैल. आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याहूनहि लहान. १४९३ सालीं कोलंबसानें सेव्हिलच्या चर्चमधील मेरीच्या एका प्रतिमेवरून त्याला नांव दिलें. १६३२ पासून तेथें इंग्रजांची वसाहत झाली. उंसाच्या मळ्यांसाठीं आफ्रिकेंतून गुलाम आणले गेले. १८३४ सालीं ते मुक्त झाले. आणि १९८१ च्या १ नोव्हेंबरला बेट स्वतंत्र झालें. किंकेडबाईंचा जन्म याच बेटाच्या राजधानींत, सेंट जॉन्स येथें, १९४९ चा. त्यांचें मूळचें नांव इलेन पॉटर रिचर्डसन. सोळा-सतरा वर्षांच्या वयांत घरच्या ओढगस्तीपायीं त्या न्यू यॉर्ककडे एका कुटुंबांत मुलें सांभाळण्याच्या नोकरीवर पाठविल्या गेल्या. पुढें लेखनाकडे वळल्या, १९७३ त नांव बदललें, आणि सुमारें वीस वर्षांनीं मायभूमि पाहावयास परत आल्या. त्या परत येण्यांतून हें पुस्तक जन्मलें. ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाच्या त्या नेहमीच्या लेखिका. पण त्याच्या तत्कालीन संपादकांना हा मजकूर फार रागीट वाटला, व त्यांनीं तो छापला नाहीं.

राग आहेच. परंतु तो कोणत्या वाटेनें जातो तें अधिक महत्त्वाचें. पुस्तकाचा पहिला भाग म्हणजे एका प्रवाशाशीं केलेलें एकतर्फी संभाषण आहे. हा प्रवासी अमेरिकेंतून वा यूरोपांतून आलेला, गोरा, चार-दहा दिवसांच्या उन्हासाठीं आसुसलेला. तो उतरतो त्या विमानतळाला पंतप्रधान व्ही. सी. बर्ड यांचें नांव आहे. हयात पंतप्रधानानें आपलें नांव विमानतळाला कां द्यावें, शाळेला किंवा इस्पितळाला कां देऊं नये, असें प्रवाशाला वाटण्याचा संभव आहे; पण त्यानें तेथली शाळा आणि इस्पितळ अजून पाहिलेलें नसतें ! मग टॅक्सी येते. मोटार नवी, जपानी आणि महागाची. आवाज मात्र जुन्या खटाऱ्याचा. कारण तिच्या यंत्राला शिसें नसलेलें पेट्रोल लागतें आणि बेटावर मिळतें तें शिशाचें. बरें, ज्याला राहावयास धड घर नाहीं तो टॅक्सीवाला असली मोटार घेतो कसा ? तर मोटारीसाठीं बँका हंसत कर्ज देतात, घरासाठीं देत नाहींत. आणि मोटारी विकणाऱ्या पेढ्यांत मंत्र्यांची पाती आहे. मोटारीच्या खडखडाटापासून निघून लेखिका चार वाक्यांत मंत्रिमंडळाच्या खिशापर्यंत पोचते. आरोप असा उघड कोठेंच केलेला नाहीं. एका क्षुल्लक गैरसोयीचा माग काढीत गेल्यावर तो आपसूक पुढें उभा राहतो. तक्रारखोर आणि लेखक यांच्यांतला फरक येथें दिसतो. तक्रारखोराला आवाजाचा त्रास होतो. लेखकाला तो आवाज कोठून निघाला हें कळल्याखेरीज चैन पडत नाहीं.

पुढचा रस्ताहि असाच. वाटेंत दिसणारी शाळा प्रवाशाला शौचकूपासारखी वाटते. इस्पितळांतल्या तीन डॉक्टरांवर बेटावरील एकाचाहि विश्वास नाहीं, आणि आरोग्यमंत्री स्वतः आजारी पडला कीं न्यू यॉर्कचें विमान धरतो. मैलापाण्याची धड व्यवस्था नसल्यामुळें प्रवासी ज्या निळ्याशार समुद्रांत डुंबण्याचीं स्वप्नें पाहत आहे त्यांत काय काय मिसळत असेल, याचा विचार त्यानें न केलेला बरा. सर्वांत मार्मिक आहे तें आकाशाचें वर्णन. ढग नसलेलें आकाश पाहून प्रवासी आनंदतो. पण या बेटावर बारमाही नदी नाहीं; १९८३-८४ च्या अवर्षणांत पिण्याचें पाणी बाहेरून गलबतांनीं आणावें लागलें होतें. जें एकाच्या सुट्टीचें भाग्य तेंच दुसऱ्याच्या हंड्याचें दुर्दैव. आतां समुद्राचें खारें पाणी गोडें करणारीं यंत्रें तेथें बसलीं आहेत, तरी अलीकडच्या वर्षांतहि कोणत्या वस्तीला कोणत्या वारीं पाणी सुटेल याचीं वेळापत्रकें काढावीं लागलींच; आणि वीज, पाणी, टेलिफोन हीं तिन्ही खातीं एकाच सरकारी मंडळाकडे असल्यामुळें एकावर रुसून दुसऱ्याकडे जाण्याचीहि सोय नाहीं.

हें पुस्तक मराठींत आणूं पाहणाऱ्याला पहिल्याच ओळीला अडावें लागेल. मूळ इंग्रजींत सारा मजकूर ज्या द्वितीयपुरुषी सर्वनामानें चालतो तें धाकट्याला, थोरला, एकाला आणि अनेकांना सारखेंच चालतें. आम्हांला मात्र ‘तूं’ कीं ‘तुम्ही’ हें ठरविल्यावांचून तोंड उघडतां येत नाहीं. माझ्या मतें आरंभीं ‘तुम्ही’च हवें; घरीं आलेल्या पाहुण्याचें स्वागत करावें तसें. पहिलीं कांहीं पानें खरोखर आदरातिथ्याच्या सुरांत आहेत. पण तो सूर हळूहळू कडवट होतो, आणि प्रवासी हा एक कुरूप प्राणी आहे असें त्याच्या तोंडावर सांगितलें जातें तेव्हां मराठी लेखणी ‘अरे-तुरे’वर येईल. ती नेमकी कोणत्या वाक्यावर यावी याविषयीं दोन भाषांतरकारांचें एकमत होणार नाहीं. इंग्रजींतली हीच संदिग्धता लेखिकेनें शस्त्रासारखी वापरली आहे. शिव्या प्रवाशाला आहेत कीं त्याच्या पूर्वजांना, वाचकाला आहेत कीं सरकारला, हें कळेपर्यंत घाव बसून गेलेला असतो.

आणि येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. गैरव्यवस्था मंत्र्यांची, मग बोलणी प्रवाशाला कां? बिचारा चार दिवस येतो, पैसे देतो, जातो. अनेक टीकाकारांना हा अन्याय वाटतो. मला मात्र वाटतें कीं या विचित्र योजनेंतच पुस्तकाचें मर्म आहे. गाऱ्हाण्याला पत्ता लागतो. दाद मागावयाची तर दाद देणारा कोणी तरी, आपल्याहून वेगळा आणि थोडा उंचावर, असावा लागतो. लाखाच्या आंत वस्ती असलेल्या बेटावर असा कोणी सांपडणें कठीण. कारकून हा चुलत्याचा जांवई. इन्स्पेक्टर शाळेंतला सोबती. मंत्री तर आजोबांच्या वेळचा शेजारी. ज्याच्याविरुद्ध अर्ज करावयाचा त्याच्याच हातीं तो द्यावयाचा, आणि संध्याकाळीं त्याच्याच पंक्तीला बसावयाचें. पुस्तकाच्या नांवांतला ‘लहान’ हा शब्द केवळ मैलांचा नव्हे. लहान जागेंत तक्रार उच्चारतांच ती भांडण होते. म्हणून लेखिकेनें आपलें गाऱ्हाणें सोडलें तें बेटाबाहेरच्या माणसाच्या नांवें. तो दाद देईल म्हणून नव्हे, तर तोच एक परका आहे म्हणून.

शिवाय ज्यांच्यापाशीं दाद मागावयाची ते कोण होते हें पाहिलें पाहिजे. व्हीअर कॉर्नवॉल बर्ड हे कांहीं जन्मजात लुटारू नव्हते. १९३९ सालीं निघालेल्या कामगार संघाचे ते १९४३ पासून अध्यक्ष. १९५१ सालीं साखरेच्या मळेवाल्यांशीं झालेल्या झगड्याचे पुढारी. मळ्यांतल्या मजुराला माणसासारखें वागविलें जावें म्हणून जो लढला तोच राजा झाला. १९७१ ते १९७६ हीं पांच वर्षें सोडलीं तर १९६० पासून १९९४ पर्यंत सत्ता त्यांच्या हातीं, आणि त्यानंतर २००४ पर्यंत त्यांचे पुत्र लेस्टर यांच्या हातीं होती. दुसरा पुत्र मंत्री असतां इस्रायलमधून निघालेलीं शस्त्रें अँटिग्वाच्या नांवावर कोलंबियांतील मादक द्रव्यांच्या टोळीकडे गेलीं, हें १९९० सालच्या चौकशींत उघडकीस आलें. पुस्तक निघाल्याला तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. परका राजा असतांना त्याच्याविरुद्ध फिर्याद करण्यासाठीं हाच माणूस पुढें येई. आतां त्याच्याविरुद्ध फिर्याद करावयास लोक जाणार कोठें? स्वातंत्र्यानें गाऱ्हाण्याचा जुना पत्ता पुसला आणि नवा दिला नाहीं. हा विचार लेखिकेनें या शब्दांत कोठें मांडलेला नाहीं. पण स्वराज्यांतील अँटिग्वा बरें कीं परराज्यांतील बरें होतें, असा जो भयंकर प्रश्न ती तिसऱ्या भागाच्या तोंडाशीं विचारते त्याच्या मुळाशीं हीच कोंडी आहे. भयंकर अशासाठीं कीं तिला परराज्याचा तिळमात्र लोभ नाहीं. दुसरा संबंध भाग त्या राज्याच्या उद्दामपणाच्या आठवणींनीं भरलेला आहे. गोऱ्या धनिकांच्या मिल रीफ क्लबांत काळ्यानें शिरावें तें नोकर म्हणूनच, असे ते दिवस. तरीहि प्रश्न विचारावा लागतो, हीच शोकांतिका.

या प्रश्नाला तिनें जें प्रतीक वापरलें आहे तें ग्रंथालयाचें. सेंट जॉन्समधलें जुनें ग्रंथालय म्हणजे पिवळ्या रंगाची, मोठमोठ्या खिडक्यांची, समुद्राचा वारा खेळणारी लांकडी इमारत. लेखिकेचें सारें बाळपण तेथें गेलें. तेथलीं पुस्तकें तिनें पळविलींहि, आणि तें ती खुशाल सांगते. ८ ऑक्टोबर १९७४ च्या भूकंपांत ती इमारत मोडली. दुरुस्ती व्हावयाची आहे अशा अर्थाची पाटी लागली. लेखिका परत आली तेव्हां भूकंपाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि पाटी तशीच होती. ग्रंथालय तोंवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर हलविलेलें. बहुतेक पुस्तकें खोक्यांत, धूळ व बुरशी खात पडलेलीं. आणि ग्रंथपालबाई, ज्यांना लेखिका लहानपणापासून ओळखत होती, हवें तें पुस्तक सांपडत नाहीं म्हणून ओशाळलेल्या. इमारतीसाठीं पैसा मिल रीफच्या मंडळींपाशीं होता. पण त्यांना जुनी इमारतच पुन्हां उभी राहावयास हवी होती, आणि सरकारला ती जागा, असें म्हणतात, दुकानांसाठीं हवी होती. मधल्यामध्यें वाचकांची एक पिढी पुस्तकांवांचून वाढली. राजधानींत नवें सार्वजनिक ग्रंथालय उघडलें तें २०१४ सालीं. चाळीस वर्षें !

एरवीं या पाटीवर एखाद्या विनोदी लेखकानें दोन घटका हंसवून आपली सुटका करून घेतली असती. त्रिनिदादच्या व्ही. एस. नायपॉल यांनीं आपल्या बेटावरील सार्वजनिक व्यवहाराकडे पाहून तेंच केलें. त्यांच्या ‘द सफ्रेज ऑफ एल्विरा’ (१९५८) या कादंबरींतील निवडणूक वाचतांना हंसूं आवरत नाहीं. किंकेडबाईंना हंसूं येत नाहीं असें नव्हे, पण त्यांना त्या पाटींत कांहीं निराळें दिसतें. ‘व्हावयाची आहे’ या क्रियापदांत राहणारा एक समाजच त्यांना दिसतो. त्यांचें म्हणणें असें कीं लहान जागीं राहणाऱ्यांना काळाचा पल्लाच दिसत नाहीं. मोठी घटना तेथें रोजची बाब होऊन बसते, आणि रोजची बाब घटना बनते. गुलामगिरी आणि मुक्ति यांविषयीं लोक मोठ्या गंभीरपणें बोलतात. तोच समाज हॉटेलांत चाकरी करण्याचें शिक्षण देणाऱ्या शाळेचा पदवीदान-समारंभहि तितक्याच थाटानें साजरा करतो. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल अशी शंका कोणाला येत नाहीं. मंत्री लांच खातात हें सर्वांना ठाऊक असतें, कोणत्या मंत्र्याचा कोणता धंदा हेंहि ठाऊक असतें, आणि तें हवापाण्यासारखें बोललेंहि जातें. ज्या अन्यायाची बातमी होत नाहीं त्याची तक्रार तरी कशी व्हावी ? पुस्तकांतील सर्वांत खोल असा भाग हाच, आणि सर्वांत शांतहि हाच. येथें आवाज चढलेला नाहीं. वाक्यें लांबत जातात, कंसांत कंस उघडतात, एकच नांव पुन्हां पुन्हां येतें, आणि ज्या गोल चक्रांत ते लोक फिरत आहेत त्याच चक्रांत वाचकहि सांपडतो.

परंतु या पुस्तकाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. रागाच्या भरांत लेखिका पुरावा तपाशीत नाहीं. बार्कलेज बँकेच्या संस्थापकांना ती सरसकट गुलामांचे व्यापारी म्हणून टाकते. वस्तुतः त्या घराण्यांतील डेव्हिड बार्कले हा क्वेकर पंथाचा, आणि जमैकांतल्या एका मळ्यावरचे गुलाम कर्जफेडींत हातीं आले तेव्हां त्यांना मुक्त करणारा गृहस्थ होता. ज्याला इतक्या खऱ्या अन्यायांची यादी देतां येते त्यानें एकहि खोटी नोंद तींत मिसळूं देऊं नये. प्रतिपक्षाला तेवढीच पुरते. बेटावरील सीरियन व लेबनीज व्यापाऱ्यांविषयींचा तिचा सूरहि मला खटकला. सरकारला कर्ज देऊन त्याच्यावर वजन ठेवणारे धनिक म्हणून त्यांच्यावर टीका अवश्य करावी. पण ते ‘बाहेरचे’ आहेत या गोष्टीचा त्या टीकेंत उगाच शिरकाव झाला आहे. स्वतः परदेशीं जाऊन राहिलेल्या लेखिकेनें तरी हा शब्द जपून वापरावयास हवा होता.

याहून मोठी उणीव निराळी आहे. प्रवाशाशीं बोलण्याच्या नादांत बेटावरचीं माणसें ‘ते लोक’ होऊन जातात. नळाखालीं हंडा लावून बसलेली बाई, औषधासाठीं तिष्ठणारा म्हातारा, ती पाटी रोज वाचीत शाळेला जाणारें पोर, यांपैकीं एकाचाहि आवाज पुस्तकांत ऐकूं येत नाहीं. त्यांच्याविषयीं सिद्धान्त आहेत. तीं स्वतः नाहींत. आणि लहान मुलांना न शोभणारा भोळेपणा या प्रौढांत आहे अशा अर्थाचे उद्गार जेव्हां येतात तेव्हां लेखिका त्यांच्या बाजूनें बोलत आहे कीं न्यू यॉर्कच्या बाजूनें, असा क्षणभर भ्रम होतो.

मराठी वाचकाला या ठिकाणीं लोकहितवादींची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ‘प्रभाकर’ पत्रांतून १८४८ ते १८५० या काळांत त्यांनीं जीं शतपत्रें लिहिलीं त्यांतहि स्वजनांच्या आळसावर, अज्ञानावर आणि उदासीनतेवर असाच कोरडा ओढलेला आहे. आणि पुढें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत त्यांना धारेवर धरलें तेंहि याच कारणासाठीं, कीं आपल्या माणसांची निंदा किती करावी याला सुमार असावा. पण दोघांत एक भेद आहे. लोकहितवादी सरकारी नोकरींतले, इंग्रजी विद्येचे अभिमानी. तरी शिव्या दिल्या त्या मराठींत, पुणेंकरांनीं वाचाव्या म्हणून. चिपळूणकरांना राग आला तोहि ज्याला उद्देशून लिहिलें त्याला यावा तसाच. किंकेडबाईंना ही सोय नव्हती. गुन्हेगाराची भाषा हीच फिर्यादीची एकमेव भाषा उरली आहे, हें दुःख त्यांनीं स्वतःच बोलून दाखविलें आहे. त्यांच्या बेटाला इंग्रजीवांचून दुसरी ग्रंथभाषा नाहीं. आणि इंग्रजींत लिहिलेलें गाऱ्हाणें कोणीहि उचलून वाचूं शकतो, समुद्रकिनाऱ्यावर आरामखुर्चींत पडलेला प्रवासीसुद्धां.

कदाचित् स्वतः लेखिकेलाहि वरील उणीव जाणवली असावी. निदान तिच्या पुढच्या एका पुस्तकावरून तसें वाटतें. ‘माय ब्रदर’ हें १९९७ सालीं निघालें. तिचा धाकटा भाऊ एड्सनें आजारी पडून सेंट जॉन्सच्या त्याच होल्बर्टन इस्पितळांत होता, ज्याच्यावरून पहिल्या पुस्तकांत टॅक्सी नुसती पुढें निघून गेली होती. आतां आपण आंत जातों. एकट्यालाच निराळें ठेवलेल्या त्या रोग्याच्या खोलींत भिंतींवर धूळ, छताच्या पंख्याच्या पात्यांवर धूळ. त्याला लागणारें औषध बेटावर नाहीं; जे मरणारच त्यांच्यावर खर्च कशाला, असा तेथला हिशेब. बहीण तें औषध अमेरिकेंतून घेऊन येते. तो उठून बसतो, जेवूं लागतो, घरीं जातो. आणि १९९६ च्या जानेवारींत मरतो. या पुस्तकांत सरकारविरुद्ध फारसा शब्द नाहीं. मंत्री नाहींत, मोटारींच्या पेढ्या नाहींत, प्रवासी तर नाहींच नाहीं. आरोपांच्या जागीं एक खाट आहे आणि तिच्यावर एक माणूस आहे, जो बहिणीला फारसा आवडतहि नाहीं. गाऱ्हाणें तेंच, पण आतां तें कोणालाच उद्देशून नाहीं, म्हणून प्रत्येक वाचकाला तें आपल्यालाच सांगितल्यासारखें वाटतें. दोहोंपैकीं एकच वाचावयाचें झालें तर मी हें दुसरें सुचवीन. मात्र त्या खोलींतली धूळ कोठून आली हें नीट कळावयास पहिलें हाताशीं असलेलें बरें.